हात मांडीवर ठेवायचे

४ ऑक्टोबर

फसवल्या गेलेल्या तमाम गाडीमालकांपैकी माझ्या सख्ख्या धाकट्या भावास,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसते हुंकार भरतोस आणि शिकाऊ माणूस आला म्हणून फोन ठेवतोस. कागदाला असं ठेवून देता येत नाही, म्हणून हे पत्र.

आपण ही गाडी तिचा रंग बघून घेतली नव्हती. स्वच्छ डिझेल, या दोन शब्दांसाठी घेतली. आपला धूर शेजारच्यांच्या पोरांच्या छातीत जाऊ नये, एवढीच इच्छा होती. आता कळतं की ही गाडी तपासणीच्या यंत्रावर चढली की शहाण्या मुलासारखी वागते आणि रस्त्यावर उतरली की मर्यादेच्या कितीतरी पट विष ओकते. तपासणी चालू आहे हे तिचं तिला कळतं. कुणीतरी खुर्चीत बसून, चहा पीत, थंड डोक्याने तिच्या संगणकात तसा प्रोग्रॅम घातला. कंपनी याला चूक म्हणते. चूक म्हणजे भाजीत मीठ जास्त पडणं. जेवायला बोलावून पानात विष वाढणं याला चूक म्हणत नाहीत.

रविवारी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात आम्हा गाडीमालकांची सभा झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत. दातांचे डॉक्टर आले होते, बेकरीवाला आला होता, शाळेतल्या बाई आल्या होत्या. एक नुकतं लग्न झालेलं जोडपं होतं. बायको नवऱ्याकडे अशी बघत होती जणू धूर त्यानेच सोडला. अध्यक्ष व्हायला कुणी तयार होईना, म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. तू म्हणशील, गळा मीच पुढे केला. म्हण.

सभेत ठरलं ते असं. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीपुढे जाऊन मागणी करायची की ज्या हातांनी हा प्रोग्रॅम घातला आणि ज्या हातांनी तपासणीत तो झाकला, ते सगळे हात समोर उभे करा. आणि कंपनीच्या फुकट दुरुस्तीला कुणी गाडी न्यायची नाही. दुरुस्ती म्हणजे जुना प्रोग्रॅम पुसून नवा भरणार. तो पुसला की पुरावाही गेला. चोराने येऊन आपल्या घराची फरशी फुकट पुसून द्यावी, त्यातलाच हा प्रकार.

आता मुद्द्याचं. तुझी भिंगरी त्याच कंपनीत तपासणी विभागात आहे. पोरीला नोकरी लागली म्हणून घरच्यांना सवलत मिळाली आणि आपण दोघांनी गाड्या घेतल्या. तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलचं तर सगळं पोट या गाडीवर. मग तू गप्प का? भिंगरी काय म्हणते? तिचंही मला पत्र नाही. माझी लाडकी भाची एरवी बसल्या जागी दहा गोष्टी हलवते, ती इतकी शांत कशी?

लगेच लिही. लोभ आहेच, उत्तर आलं तर तो वाढेल.

तुझी,
ताई


१० ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत. तूही गुडघ्यांची काळजी घे. सभागृह वरच्या मजल्यावर आहे म्हणतेस, तर जिना चढताना कठड्याचा आधार घेत जा.

इथे शिकायला येणारे कमी झालेत. गाडीच्या मागच्या काचेवर धुळीत कुणीतरी बोटाने खोटारडी असं लिहून गेलं. मी ते पुसलं नाही, सगळी गाडीच धुतली. काल एका मुलीची आई येऊन विचारत होती की गाडीत बसून शिकणाऱ्यालाही हा धूर लागतो का. मी म्हणालो, मागच्याला लागतो. ती म्हणाली, म्हणजे मी मागून स्कूटरवर येते, मला.

दुरुस्तीचं म्हणशील तर मी २९ तारखेची, सोमवारची वेळ घेतली आहे. वर्ष संपायच्या आत दुरुस्ती केली नाही तर धुराचं प्रमाणपत्र मिळणार नाही आणि त्याशिवाय स्कूलचा परवाना वाढवून मिळणार नाही. तुला पेन्शन आहे. मला हा एकच धंदा येतो.

एक विनंती आहे. सभेत बोलताना तपासणी विभागाचं नाव काढू नकोस. हात उभे करा वगैरे जे म्हणतेस ते कंपनीच्या मोठ्या लोकांपुरतं ठेव. कंपनीने कामगारांसाठी पत्रक काढलं आहे, त्यात काही कनिष्ठ कर्मचाऱ्यांचा बेजबाबदारपणा असे शब्द आहेत. अशा वेळी खालच्या माणसांकडे बोट दाखवायला कुणाला निमित्त नको.

भिंगरी ठीक आहे. कामात आहे.

लोभ असावा, आणि माझ्यावर रागावलीस तरी पत्र लिहिण्याइतका तरी असावा.

तुझा,
धाकटा


१५ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे परत घ्यावेत असं वाटतं आहे.

तू सोमवारी गाडी पुसायला देणार. माझा भाऊ! मी इथे घसा कोरडा करून लोकांना सांगते की थांबा, आणि लोक विचारतील की बाई, तुमच्या घरचं काय, तेव्हा मी काय सांगू? माझ्या भावाला परवाना हवा आहे म्हणून? ज्याला त्याला काहीतरी हवंच आहे रे. बेकरीवाल्याला पाव पोचवायचे असतात. ही कंपनी आपल्या प्रत्येकाच्या गरजेच्या पाठीवर बसूनच इतकी वर गेली.

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना चौकात सिग्नलला लागून आहे. ते सभेत म्हणाले की खिडकीच्या कडेवर बोट फिरवलं की काजळी येते. सिग्नलला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत त्यांची स्वतःची गाडीही असते. म्हणजे ते रोज सकाळी आपल्याच रोग्यांच्या नाकात धूर सोडून वर जातात आणि हातमोजे घालतात. धुराला कुंपण नसतं. तो माझा नि तुझा असा वाटून घेता येत नाही.

तपासणी विभागाचं नाव काढू नको म्हणतोस. का नको? जगात कुठलंही मोठं खोटं मोठ्या माणसांनी एकट्याने रचलेलं नाही. त्याला रोज सकाळी वेळेवर कामावर येणारी साधी, सभ्य माणसं लागतात, बघून न बघितल्यासारखं करणारी. कालच्या सभेत मी हेच बोलले. तपासणीच्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला समितीपुढे आणा, म्हणाले. टाळ्या थांबेनात. आजच्या पेपरात चौकटीत छापून आलं आहे, कात्रण सोबत पाठवते.

आणि भिंगरी ठीक आहे, कामात आहे, हे कसलं वाक्य? तू लहानपणी फुलदाणी फोडलीस की असंच बोलायचास. काय लपवतो आहेस?

लोभ आहे. संशयही आहे. दोघांना सारखंच उत्तर दे.

ताई


१९ ऑक्टोबर

ती. वन्संना,

सा. न.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. कळलं तर कळू दे.

तुमचं कात्रण पोचलं. यांनी वाचलं, घडी घातली, आणि ताट तसंच ठेवून खाली गाडी धुवायला गेले. गाडी सकाळीच धुतलेली होती. वन्सं, घरात तोफ असली की शत्रूला धाक बसतो म्हणतात. पण तोफेचं तोंड कुणीकडे आहे हे एकदा बघायला हवं. तपासणीच्या खोलीत बसलेला प्रत्येक जण, असं तुम्ही म्हणालात. त्या खोलीत कोण बसतं? आपली भिंगरी बसते.

यांनी तुम्हाला सांगितलं नाही ते मी सांगते. गेल्या उन्हाळ्यात पोरीने घरी येऊन एक गंमत म्हणून सांगितलं होतं. तिचं काम म्हणजे गाडीत बसायचं, पुढची चाकं जमिनीतल्या रोलरवर फिरत ठेवायची, आणि समोरच्या पडद्यावर जी रेघ चालते तिच्याप्रमाणे वेग कमीजास्त करायचा. गाडी जागची हलत नाही. हात मांडीवर ठेवायचे, असा नियम. पण हिला गाडी शिकवली कुणी? हिच्या बापाने. तुम्हाला त्यांचं ते पालुपद माहीत आहे, चाक फिरतं आहे तोवर हात जिवंत पाहिजेत. ज्या पोराचे हात स्टिअरिंगवर मेल्यासारखे पडतात त्याच्या मनगटावर ते टिचकी मारतात. हिने अशा कितीतरी टिचक्या खाल्ल्यात. तर त्या दिवशी लक्ष रेघेवर, आणि हात सवयीने आपोआप स्टिअरिंगवर गेले, इकडे तिकडे हलत राहिले. आणि धुराचा आकडा एकदम चढला. चाचणी नापास. साहेब आले, तिला म्हणाले की स्टिअरिंगला हात लावायचा नाही, चाक रोलरवरून निसटेल. चाचणी पुन्हा घेतली, हात मांडीवर ठेवून. पास.

आम्ही हसलो होतो हो. हे म्हणाले, माझ्या शिकवण्याने पोरगी नापास झाली. गाडीला तपासणी कशी कळते हे आता पेपरात आलं, तेव्हा यांनी पेपर टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, यावरून गाडी ओळखते म्हणे. पोरीच्या हाताखाली ते तेव्हाच उघडं पडलं होतं.

आता कंपनीने तिला बोलावून एक कागद पुढे केला आहे. त्या चाचणीतला घोळ माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, असं तिने लिहून द्यायचं. सही केली तर नोकरी राहील म्हणतात. तिने अजून केलेली नाही. फोनवर ती हसून बोलते, आणि तिचं हे हसणं मला ओळखू येत नाही.

तुम्ही मोठ्या, शिकलेल्या. मला एवढंच विचारायचं आहे की तुमच्या सभेतल्या टाळ्यांत माझी पोर चिरडणार आहे का. उत्तर भाषणासारखं लिहू नका, भावजयीला लिहितात तसं लिहा.

लोभ करता हे ठाऊक आहे, म्हणून तर इतकं बोलले.

तुमची,
भावजय


२३ ऑक्टोबर

चि. सौ. भावजयीस,

आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. दूध उतू गेलं, त्याच्या वासाने भानावर आले.

नाही, तिला चिरडू देणार नाही. काल आमच्या गाडीमालक संघाच्या बैठकीत मी माझं वाक्य मागे घेतलं. बेकरीवाला म्हणाला की बाई, चांगलं वाक्य होतं. मी म्हटलं, चांगलं होतं, म्हणूनच घातक. कारण सांगितलं नाही. भिंगरीचं नाव माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही, हे तुला वचन.

पण तू भाषण नको म्हणालीस तरी एक गोष्ट तुला लिहायलाच हवी. गप्प राहिल्याने ती वाचेल असं तुम्हा दोघांना वाटतं. मला तसं वाटत नाही. ती सही कंपनीवाले तिची नोकरी राखण्यासाठी मागत नाहीत. उद्या समितीने विचारलं की गाडी नापास झाली तेव्हा तुम्ही काय केलंत, तर पुढे करायला एक नाव हवं आहे, आणि ते तिच्या स्वतःच्या अक्षरात हवं आहे. आपल्या पोरीचा अपराध एवढाच की तिचे हात हलले. आणि त्या सगळ्या इमारतीत तेवढंच एक काम प्रामाणिक झालं होतं! हे लिहिताना माझा हात रागाने इतका दाबला जातो आहे की कागदाच्या मागे अक्षरं उमटलीत.

समितीचं काय चाललं आहे तेही सांगते. कंपनी त्यांना दुरुस्त केलेल्या गाड्याच आणून दाखवते. त्या स्टिअरिंग हलवलं तरी पास होतात. साहेब म्हणतात, बघा, आमची गाडी स्वच्छ आहे. संघातले लोकही एकेक करून फुटताहेत, फुकट सर्व्हिसची कूपनं वाटलीत ना. मी माझी गाडी देऊ केली, तर कळलं की गेल्या महिन्यात काच बदलायला नेली तेव्हा गॅरेजवाल्यांनी मला न विचारताच प्रोग्रॅम बदलून टाकला. अध्यक्षबाईंचीच गाडी पुसलेली! हस, तुला हसायचा हक्क आहे.

तिला सही करू नको, असं मी सांगणार नाही. कर, असंही सांगणार नाही. तिच्या पोटाचा प्रश्न आहे आणि मी पेन्शनवाली आहे, हे धाकट्याने मला बरोबर सुनावलं. मी तिला एवढंच कळवते की आत्याचं घर उघडं आहे.

लोभ आहेच, आणि आज तो जरा खजील आहे.

ताई


२५ ऑक्टोबर

ती. बाबांस आणि ती. आत्यास,

शि. सा. न.

एकच पत्र दोनदा लिहून दोघांना पाठवते आहे, म्हणजे कुणी कुणाला मधलं गाळून सांगायला नको. आईने आत्याला लिहिलं हे मला आईनेच सांगितलं. बाबा, तिच्यावर रागावू नका.

आधी एक सांगते, कारण तुम्ही दोघंही ते विचारायला घाबरता आहात. मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला खरंच वाटलं की माझं चुकलं. खोलीत समोर मोठा पंखा असतो, तो वारा खोटा असतो. मागे नळी लावलेली, ती धूर पिते. मागची चाकं पट्ट्यांनी बांधलेली. आपण वेगात असतो आणि समोरची भिंत तिथेच असते. पहिल्या आठवड्यात मला गरगरायचं. अशा ठिकाणी आपल्याला काही कळतं असं वाटतच नाही, साहेबांना कळतं असं वाटतं. पण नंतर, दुसऱ्या एका गाडीवर, मी मुद्दाम बोटभर हलवून बघितलं. आकडा पुन्हा चढला. मी हात मांडीवर ठेवले आणि कुणाला काही विचारलं नाही. हे आईलाही सांगितलेलं नव्हतं. नंतरचं हे गप्प बसणं मात्र माझं आहे. आत्या, तुझं चौकटीतलं वाक्य मी वाचलं. ते मागे घ्यायची गरज नव्हती.

कागदावर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्याने केली. त्याला लहान मूल आहे. त्याने दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही.

मी समितीला कळवलं आहे. ८ नोव्हेंबरला, गुरुवारी, त्यांनी मला बोलावलं आहे. पण नुसतं तोंडी सांगून भागणार नाही. कंपनीचे वकील म्हणतील, कामावर चिडलेली मुलगी आहे. समितीच्या आवारात रोलर आहेत. मला त्यांच्यासमोर गाडीत बसून, आधी हात मांडीवर ठेवून आणि मग स्टिअरिंग हलवून दाखवायचं आहे. त्यासाठी जुना प्रोग्रॅम असलेली गाडी पाहिजे. मला ठाऊक असलेल्या सगळ्या गाड्या पुसल्या गेल्या. बाबा, तुमची राहिली आहे. तुमचा सोमवार अजून यायचा आहे.

त्यानंतर माझी नोकरी राहणार नाही. तुमच्या परवान्याचंही काय होईल मला माहीत नाही. मला भीती वाटते. जिना उतरताना मागे कुणी असलं की मी बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ देते. तरी विचारते आहे. नाही म्हणालात तरी मी तुमचीच आहे.

दोघांचा लोभ सारखा वाटून मिळावा, भांडण नको.

तुमची,
भिंगरी


३० ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पोरीचं पत्र शनिवारी आलं. सोमवारी सकाळी गाडी काढली आणि सर्व्हिस सेंटरला गेलो. होय, गेलो. तुला राग येईल, पण खोटं कशाला लिहू.

रांग बाहेर रस्त्यापर्यंत होती. सगळ्यांच्या हातात कूपनं. माझ्या पुढच्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ होते, ते खाली उतरून मला म्हणाले की मास्तर, तुम्ही मला गाडी शिकवलीत, आठवतं का. मला आठवत नव्हतं, पण हो म्हणालो. त्यांनी विचारलं, यानंतर गाडी चढावर दम टाकते म्हणतात, खरं का. मी म्हणालो, ऐकलं आहे तसं. मग ते म्हणाले, तुम्ही उभे आहात म्हणजे काळजी नाही, मास्तर उभे आहेत तिथे आपण उभं राहायला हरकत नाही.

ताई, ते ऐकलं आणि माझं पाऊल आपोआप क्लचवर गेलं. मी रांगेतून रिव्हर्स घेऊन बाहेर पडलो. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. एवढी वर्षं शिकवतो की रांगेतून असं कधी निघायचं नाही. माझ्या हाताखालचा पोरगा असं निघाला असता तर मीच ब्रेक दाबला असता. कोपऱ्यावर आरशात बघितलं, ते गृहस्थ रस्त्यावर उभे राहून माझ्याकडे बघत होते. पुढे ते आत गेले की नाही, मला माहीत नाही.

घरी येऊन गाडी आत घातली आणि किल्ली हिच्याकडे दिली. हिने जेवताना दोनदा वाढलं.

मला रात्रंदिवस धडकी भरलेली आहे, हे तुला सांगतो, पोरीला सांगू नकोस. परवाना जाईल असं धरून चाललो आहे. ती समोर बसेल, कोट घातलेली माणसं तिला उलटसुलट विचारतील, तिचा आवाज बारीक आहे. मी तिला वळणं शिकवली, चढावर गाडी धरायला शिकवलं. माणसांसमोर उभं राहायला शिकवलं नाही. ते मला स्वतःलाच येत नाही. आपल्या घरात ते फक्त तुला येतं.

म्हणूनच हे मागतो आहे. संघाच्या वतीने त्या दिवशी तू बोलायची आहेस, ठाऊक आहे. वर्तमानपत्रवाले येतील, तू उभी राहिलीस की ते तुझंच लिहितील. तुझ्या पहिल्या वाक्याबरोबर टाळ्या पडतील आणि माझ्या पोरीचं बारीक आवाजातलं खरं त्यात बुडून जाईल. कंपनीला तेच हवं आहे. म्हणतील, आत्याने पढवून आणली.

आम्ही ७ तारखेला, बुधवारी निघू. रात्री तुझ्याकडे मुक्काम करू. गुरुवारी सकाळी भिंगरी गाडी चालवेल, मी शेजारी बसेन, तू मागच्या सीटवर बस. समितीच्या फाटकातून आत गेल्यापासून तिचं सांगून होईपर्यंत तू एक शब्द बोलू नकोस. कुणी काही खोटं बोललं तरी नाही. तिला रडू आलं तरी नाही. नुसती तिला दिसेल अशी बस.

लोभ आहेच, ताई. गुरुवारी तो गप्प राहून दाखव.

तुझा,
धाकटा